ताटापासून तोंडापर्यंत : पार्किन्सन्स आणि जेवणाची भांडी

पार्किन्सन्स झालेल्या माणसाच्या घरात एक कोडं रोज दिसतं. आजोबा खुर्चीत निवांत बसलेले असतात, हात मांडीवर असतो, आणि तो सारखा थरथरत असतो. चहा येतो. आजोबा हात पुढे करतात आणि थरथर थांबते. कप नीट धरला जातो, उचललाही जातो. घरचे हुश्श करतात, आणि कप ओठांपाशी पोचायच्या आत चहा सदऱ्यावर सांडलेला असतो.

हात तर थांबला होता. मग चहा सांडला कसा?

या प्रश्नाचं उत्तर नीट शोधायला हवं, कारण कोणतं भांडं घ्यायचं ते त्यावर ठरतं. पार्किन्सन्ससाठी म्हणून जड चमचे, जाड मुठीचे चमचे, वाकड्या मानेचे चमचे, बॅटरीवर चालणारे चमचे असं बरंच काही विकत मिळतं. मुलगा किंवा सून काळजीपोटी त्यातलं एखादं मागवते, दोन दिवस ते वापरलं जातं आणि मग ते मांडणीवर पडून राहतं. दोष चमच्याचा नसतो. हाताची अडचण एक असते आणि चमचा दुसऱ्याच अडचणीसाठी बनवलेला असतो.

थरथर थांबते, अडचण थांबत नाही

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. आयुर्वेदातल्या ‘कंपवात’ या नावानं तो आपल्याकडे आजही ओळखला जातो. दोन्हीकडे नजर पहिल्यांदा कंपावर गेली, कारण तो डोळ्यांना दिसतो. प्रत्यक्षात साधारण चौघांतल्या एका रुग्णाला ठळक कंप नसतोच, तरीही त्याचा घास सांडतो.

मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचाल किती मोठी, किती वेगानं, कोणत्या क्षणी सुरू करायची आणि कधी थांबवायची, हे ठरवणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणेला डोपामिन लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. पहिली लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात.

डोपामिन घटलं की जेवताना चार वेगवेगळ्या गोष्टी होतात. पहिली म्हणजे हालचाल मंदावते आणि आखडते. हात तोंडापर्यंत जायला निघतो, पण थोडा अलीकडेच थांबतो. उरलेलं अंतर मान पुढे काढून भरून काढावं लागतं. दुसरी गोष्ट ताठरपणाची. मनगट आणि कोपर सहज फिरत नाही. आमटीनं भरलेला चमचा ताटातून तोंडात नेताना निरोगी माणसाचं मनगट सतत थोडं थोडं वळत राहतं, म्हणून चमचा सपाट राहतो. ते वळणं कमी झालं की चमचा वाटेतच कलंडतो. तिसरी गोष्ट पकडीची. बोटं वस्तूला गरजेपेक्षा जास्त जोरानं आवळतात. लोणावळ्याच्या टपरीवर मिळणारा कागदी कप अशा हातात चेपतो आणि चहा वर उसळतो. तोच चहा काचेच्या जाड ग्लासात दिला तर निम्मा त्रास कमी होतो.

चौथी गोष्ट सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर देते. पार्किन्सन्सचा कंप हा मुख्यतः विश्रांतीतला कंप आहे. हात कामाला लागला की तो दबतो. पण हात उचलून एका जागी धरून ठेवला, तर काही सेकंदांनी तो परत येतो. डॉक्टर त्याला पुन्हा उद्भवणारा कंप म्हणतात. आजोबांनी कप झटकन ओठांना लावला असता तर कदाचित सांडला नसता. पण हालचाल मंद, त्यात चहा गरम, म्हणून कप ओठांपासून थोडा दूर धरून फुंकर मारणं आलं. तेवढ्या वेळात कंप परतला.

यात आणखी एक भर पडते. जेवताना आपण हाताकडे लक्ष देत नाही, गप्पा मारतो. पार्किन्सन्समध्ये हात आपोआप चालेनासा होतो, प्रत्येक घासाकडे लक्ष द्यावं लागतं. अशा वेळी कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर देण्यात लक्ष गेलं की हात अडतो. जेवताना टीव्ही बंद ठेवा हा सल्ला म्हाताऱ्या माणसावरची शिस्त म्हणून दिलेला नसतो, त्यामागे हे कारण आहे.

एक खुलासा इथेच करायला हवा. हात थरथरणारा प्रत्येक वृद्ध माणूस पार्किन्सन्सचा रुग्ण नसतो. काहींचा हात एरवी शांत असतो आणि काम करतानाच, विशेषतः कप तोंडाशी नेताना, जोरात थरथरतो. तो बहुधा ‘इसेन्शियल ट्रेमर’ नावाचा वेगळा त्रास असतो. त्याची औषधं वेगळी, आणि त्याला उपयोगी पडणारी भांडीही थोडी वेगळी. निदान डॉक्टरांकडूनच व्हायला हवं.

चहालाही स्वतःचा ठेका असतो

कपातला चहा हलला की त्याच्यावर लाट उठते आणि ती एका ठरावीक वेगानं मागे-पुढे होते. हा वेग कपाच्या तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असतो. तोंड पाच-सहा सेंटिमीटर रुंद असलेल्या लहान कपात ही लाट सेकंदाला साधारण चार वेळा हेलकावते. मोठ्या मगात जरा सावकाश, तीन-साडेतीन वेळा.

पार्किन्सन्सचा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा होतो.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की घोळ लक्षात येतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत अगदी हलका धक्का देत राहिलं तरी तो उंच जातो. लहान चहाच्या कपाच्या बाबतीत हाताचा कंप नेमके तसेच लयीतले धक्के देतो. कंप बारीकच असतो, पण लाट चढत जाते आणि काठावरून बाहेर पडते. कप घेऊन चालताना कॉफी का सांडते, याचा असाच अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या रुस्लान क्रेचेत्निकोव्ह आणि हान्स मेयर यांनी केला होता. त्यांना २०१२ साली इग नोबेल पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. ज्याच्या घरात रोज चहा सांडतो त्याला या विषयात हसण्यासारखं फारसं काही वाटणार नाही.

मग बशीतून चहा प्यावा का? आपल्याकडच्या जुन्या माणसांची ती आवडती सवय. बशीतली लाट सावकाश हलते, त्यामुळे कंपाशी तिची लय जुळत नाही. तरी बशी हे या आजारात सगळ्यात अवघड भांडं आहे, कारण तिथे अडचण कलण्याची असते. चौदा सेंटिमीटर रुंदीची बशी फक्त पाच अंशांनी कलली तरी एका बाजूला चहा सहा मिलिमीटरनं चढतो. सहा सेंटिमीटरच्या कपात तेवढ्याच कलण्यानं तो अडीच मिलिमीटरच्या आसपास चढतो. बशीला तर काठच नसतो. मनगट ताठ झालेल्या माणसाकडून बशी सपाट धरली जाण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

साधे उपाय यातूनच सुचतात. मोठा, बुडाला जड, दोन कानांचा मग घ्यायचा आणि तो अर्धाच भरायचा. अर्धा भरल्यानं लाटेला चढायला भिंत उरते. दोन हातांनी धरल्यानं कंप आणि कलणं दोन्ही कमी होतं. चहा थोडा निवला की मगच हातात द्यायचा, म्हणजे फुंकर मारत थांबावं लागत नाही.

पुण्यातल्या काकांसाठी बनवलेला कप

याच प्रश्नावर एका पुणेकर डिझायनरनं काम केलं आहे. मिलेहा सोनेजी मूळच्या पुण्याच्या. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे त्यांनी डिझाइनचं शिक्षण घेतलं. त्यांच्या काकांना पार्किन्सन्स झाला होता. एके काळी घरातल्या पोरांच्या गराड्यात असणारे काका आजारानंतर लोकांपासून दूर राहू लागले. त्यांनी चारचौघांत चहा-कॉफी पिणंच सोडून दिलं होतं, कारण सांडण्याची लाज वाटायची. २०१५ साली डेल्फ्टच्या टेडेक्स मंचावर मिलेहा यांनी ही गोष्ट आणि त्यातून तयार झालेला कप जगासमोर ठेवला.

त्या कपाचं रहस्य काठात आहे. कपाची भिंत वरच्या बाजूला आत वळलेली आहे. कंपानं उठलेली लाट भिंतीवर चढते, वळणापाशी पोचते आणि बाहेर पडण्याऐवजी परत कपात वळते. बॅटरी नाही, झाकण नाही, नळी नाही. मिलेहा यांचा आग्रह असा होता की हा कप रुग्णाचं उपकरण दिसू नये. धांदरट माणसासह कुणीही वापरावा असा तो दिसतो, त्यामुळे चारचौघांत तो हातात घ्यायला संकोच वाटत नाही. या क्षेत्रातल्या कितीतरी महागड्या शोधांपेक्षा ही दृष्टी मोलाची आहे. भांडं कितीही हुशारीनं बनवलेलं असलं तरी माणसाला ते लाजेचं वाटलं तर तो उपाशी राहणं पसंत करतो.

या काठाच्या नजरेनं आपली भांडी पाहिली तर गंमत वाटते. फुलपात्राचा काठ बाहेर उमललेला असतो. लाट त्यावरून सरळ बाहेर फेकली जाते, म्हणून कंप असलेल्या हातात फुलपात्र देऊ नये. तांब्याचा आणि कळशीचा खांदा मात्र आत वळतो, तोंड अरुंद होतं. नळ येण्याआधी मावळच्या चढ-उतारावरून बायका विहिरीचं पाणी डोक्यावर आणि कमरेवर वाहून न्यायच्या ते अशाच भांड्यांतून. अर्थात तांब्यातून वरून धार धरून पाणी पिणं या आजारात घातक ठरू शकतं. त्याचं कारण पुढे येईलच.

वाटी, पितळी आणि इंद्रायणी

परदेशात पार्किन्सन्ससाठी जे खास ताट मिळतं त्याची एक कड उभी, उंच असते. घास त्या कडेला लोटला की तो चमच्यावर चढतो. साध्या ताटाला बसवायची वेगळी कडीही मिळते. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात हे काम उभ्या भिंतीची वाटी आणि उंच काठाची पितळी कधीपासून करत आली आहे. हल्लीच्या पसरट ताटांचा काठ बाहेर झुकलेला असतो, भात लोटला की तो काठावरून टेबलावर जातो. अशा घरात खोलगट पितळी किंवा रुंद, बसकी वाटी काढावी. तिच्याखाली ओलं फडकं किंवा जाळीदार रबरी मॅट ठेवली की भांडं सरकत नाही. परदेशी दुकानात याच कामासाठी न सरकणारी चटई विकतात.

आता भात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात १९८७ साली इंद्रायणी हा वाण तयार झाला, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. मावळात आज तो घरोघरी शिजतो. त्याचा भात मऊ आणि किंचित चिकट होतो, शीत शिताला धरून राहतं. मंद आणि ताठर हातासाठी हा गुण फार उपयोगी आहे. मोकळा, फडफडीत बासमती चमच्यावरून ओघळतो. इंद्रायणीचा घास एकत्र राहतो आणि गिळायलाही सोपा जातो. आजारी माणसाला वेगळं काही शिजवायला नको, तेच जेवण थोडं मऊ केलं तरी पुरतं. आमटी जरा दाट करावी. पिठलं पातळ न करता गोळीबंद करावं. भाकरी एका हातानं तोडणं अवघड होतं, तेव्हा ती आधीच कुस्करून दुधात किंवा कालवणात काला करून द्यावी. काला तर घरातल्या लहानथोरांनाही आवडतो, म्हणून तो सगळ्यांच्याच ताटात असला तर वेगळेपणा राहत नाही.

रंगाचाही यात वाटा आहे. पार्किन्सन्समध्ये डोळ्यांना फिक्या छटांमधला फरक ओळखायला त्रास होतो. चकचकीत स्टीलच्या ताटातला पांढरा भात आणि दही नीट दिसत नाही, आणि न दिसणारा घास मागेच राहून जातो. केळीच्या हिरव्या पानावर किंवा गडद रंगाच्या बशीत तोच भात उठून दिसतो.

हातानं जेवायचं की चमच्यानं? घाईनं चमचा पुढे करू नये असं अनेकदा वाटतं. बोटांना घास जाणवतो, किती उचलला ते कळतं, आणि मध्ये तोल सांभाळायची दांडी नसते. आयुष्यभर हातानं जेवलेल्या माणसाच्या हातात पंचाहत्तरीत काटा-चमचा देणं म्हणजे त्याला नवं काम शिकवणं आहे. पण अंगठ्यानं घास आत ढकलणं जमेनासं झालं किंवा बोटांच्या फटीतून आमटी गळू लागली, की चमच्याची वेळ आली असं समजावं.

चमचा : जाड, जड की बॅटरीवाला

आपला स्टीलचा चमचा पातळ आणि चपट्या दांडीचा असतो. ताठर बोटांना तेवढं मिटणं जमत नाही, आणि मिटली तर ती फार आवळली जातात. दांडी जाड केली की बोटांना अर्धवट मिटूनही पकड मिळते. त्यासाठी महागडी खरेदी लागत नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम तळेगावच्या कुठल्याही मोठ्या हार्डवेअर दुकानात मिळू शकेल. त्याचा वीतभर तुकडा दांडीवर सरकवला की झालं. सायकलच्या हँडलची रबरी मूठही चालते. फक्त ती रोज काढून धुवायची आणि वाळवायची, नाहीतर आत खरकटं साठतं.

वाकड्या मानेचा चमचा ताठ मनगटासाठी आहे. मनगट वळवायची गरज कमी व्हावी म्हणून त्याची वाटी तोंडाच्या दिशेनं आधीच वळवलेली असते. उजव्या हाताचा आणि डाव्या हाताचा चमचा वेगळा असतो, हे मागवताना पाहावं.

जड चमच्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. वजनानं कंप दबतो हा समज फार पसरला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पार्किन्सन्सच्या रुग्णांना मनगटावर वजन बांधून आणि जड चमचा देऊन कंप मोजण्यात आला. संपूर्ण गटाचा विचार करता कंपात लक्षणीय घट दिसली नाही. काहींना जड चमचा हातात असल्यानं बरं वाटतं आणि ते खरंच असू शकतं, पण ज्याचा हात मुळातच मंद आणि थकलेला आहे त्याला जास्तीचं वजन उचलायला लावणं उलटंही पडतं. विकत घेण्याआधी दोन दिवस उसना चमचा वापरून पाहावा.

बॅटरीवाल्या चमच्यामागचं नाव अनुपम पाठक या भारतीय वंशाच्या इंजिनिअरचं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांनी संशोधन केलं आणि २०१३ साली ‘लिफ्टवेअर’ हा चमचा बाजारात आणला. पुढच्याच वर्षी गूगलनं त्यांची कंपनी विकत घेतली. दांडीतले संवेदक हाताची हालचाल टिपतात. त्यातली संथ हालचाल म्हणजे माणसाला घास न्यायचा आहे, आणि जलद मागे-पुढे हालचाल म्हणजे कंप, हे छोटा संगणक ओळखतो. मग बारीक मोटर्स चमच्याची वाटी कंपाच्या बरोबर उलट दिशेला हलवतात. दांडी हातात थरथरत राहते, वाटी बरीचशी स्थिर राहते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत कंप सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला.

पण ती चाचणी इसेन्शियल ट्रेमरच्या १५ रुग्णांवर झाली होती. ज्याला मुख्य त्रास कंपाचा आहे त्याला असा चमचा वरदान ठरू शकतो. ज्याचा हात मंद आणि ताठर आहे त्याला तो फारसा उपयोगी नाही, कारण मंदपणाला उलट दिशेनं हलवून काही होत नाही. त्याची किंमतही सामान्य घराला झेपणारी नाही. पार्किन्सन्सच्या बहुतेक घरांत फोमचा तुकडा आणि खोलगट पितळी आधी, आणि बॅटरी त्यानंतर, असाच क्रम योग्य वाटतो.

चौकट : नेमकं कुठे सांडतं?

भांडं घेण्याआधी दोन-तीन जेवणं शेजारी बसून, टोकाटोकी न करता फक्त पाहा.
घास ताटातच उचलला जात नसेल, तर उंच काठाचं भांडं आणि चिकट, दाट अन्न हवं.
उचलला पण वाटेत कलंडला, तर मनगट ताठ आहे. वाकड्या मानेचा चमचा करून पाहा.
तोंडापाशी येऊन थरथरला, तर अंतर कमी करा. ताट उंच ठेवा, कोपर टेबलावर टेकवू द्या.
तोंडात गेला पण बाहेर आला किंवा ठसका लागला, तर प्रश्न हाताचा नाही, डॉक्टरांना सांगा.

गोळी, दूध आणि डाळ

कोणतंही भांडं औषधाच्या वेळेपुढे दुय्यम आहे. पार्किन्सन्सचं मुख्य औषध लेव्होडोपा. मेंदूत त्याचं डोपामिन बनतं. ते लहान आतड्यातून ज्या मार्गानं रक्तात शिरतं, त्याच मार्गानं प्रथिनांचे घटकही शिरतात. दूध, डाळ, अंडं यांच्यासोबत गोळी घेतली की दोघांत चढाओढ लागते आणि गोळीचा परिणाम कमी किंवा उशिरा होतो. गोळी दुधाबरोबर द्यायची आपल्याकडची मायेची पद्धत इथे नडते. डॉक्टर बहुधा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं, पाण्याबरोबर गोळी घ्यायला सांगतात. मळमळ होणाऱ्यांसाठी वेगळी सूचना असू शकते. गोळीचा असर चांगला असेल त्या वेळेत जेवण आलं की साधा चमचाही चालतो. असर उतरल्यावर कुठलाच चालत नाही.

मावळच्या रानात पावसाळ्यानंतर कुंपणावर खाजकुहिलीच्या शेंगा लोंबतात. त्यांची कुसं अंगाला लागली की काय होतं ते गुराख्यांना विचारावं. तिच्या बियांमध्ये नैसर्गिक लेव्होडोपा असतं. १९३७ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच ते बियांतून वेगळं केलं, आणि मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांवरचे तिचे परिणाम प्रसिद्ध केले. म्हणून काहीजण चालू गोळ्यांवर कुहिलीचं चूर्ण परस्पर सुरू करतात. तसं करू नये. बियांत औषधाचं प्रमाण कमी-जास्त असतं, दोन्ही मिळून मात्रा वाढते आणि रक्तदाब उतरणं, भास होणं, अंग अनावर हलणं असे त्रास होतात.

पंगतीत बसताना

घरात एक वेळ जमून जातं, खरी कसोटी बाहेर लागते. गावचा हरिनाम सप्ताह, लग्न, बारसं. जमिनीवर पंगत, समोर पत्रावळी. पार्किन्सन्सच्या दृष्टीनं यातली एकेक गोष्ट अवघड आहे. मांडी घालून बसल्यावर ताट आणि तोंड यांच्यात दीड-दोन फुटांचं अंतर पडतं. पत्रावळी सपाट असते आणि सरकते. द्रोण कलंडतो. वाढपी घाईत असतो, पंगत एकदम उठते. मग ‘मला भूक नाही, तुम्ही जेवून घ्या’ हे वाक्य ऐकू येतं आणि हळूहळू माणूस कार्याला यायचाच बंद होतो.

यजमानांना थोडं आधी सांगितलं तर बरंच साधतं. भिंतीकडेची खुर्ची आणि समोर टेबल. तेही नसेल तर चौरंगावर ताट, म्हणजे अंतर जवळजवळ निम्मं होतं. घरून नेलेली खोलगट वाटी आणि आपला जाड दांडीचा चमचा. पहिल्या पंगतीआधी पान वाढलं तर घाई राहत नाही. मंद हाताला निम्मं जेवण होईस्तोवर अन्न गार होतं, म्हणून दोन वेळा थोडं थोडं गरम वाढावं.

अशा व्यावहारिक गोष्टी ज्यांनी भोगल्या आहेत त्यांच्याकडूनच जास्त शिकता येतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्णांचा आणि कुटुंबांचा स्वमदत गट आहे. मुंबईत डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकारानं २००१ साली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी सुरू झाली. भांड्यांची निवड करून देणाऱ्या तज्ज्ञाला ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात. लोणावळा किंवा कामशेतच्या कुटुंबाला त्यासाठी बहुधा लोकलनं पिंपरी-चिंचवड किंवा पुणे गाठावं लागतं. जाताना घरातलं नेहमीचं ताट, वाटी, चमचा आणि कप पिशवीत घालून न्यावा, म्हणजे सल्ला नेमका मिळतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा स्पष्ट उल्लेख आहे. अपंगत्वाचं प्रमाण पुरेसं असेल तर प्रमाणपत्र मिळू शकतं, हे अनेक कुटुंबांना माहीत नसतं.

घास तोंडात गेल्यानंतर

हातासारखेच जिभेचे आणि घशाचे स्नायूही मंदावतात. पाणी किंवा चहा पिताना वारंवार ठसका लागणं, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येणं, घास गालात साठून राहणं, जेवायला पूर्वीपेक्षा खूप वेळ लागणं आणि वजन उतरणं, ही त्याची लक्षणं. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि या आजारातलं ते सगळ्यात गंभीर संकट आहे.

इथेही भांड्याचा संबंध येतो. उंच, अरुंद पेल्यातला शेवटचा घोट घेताना पेल्याचा काठ नाकाला लागतो आणि मान मागे टाकावी लागते. मान मागे गेली की श्वासनलिकेचा मार्ग उघडा पडतो. वरून धार धरून पाणी पिताना हेच होतं. म्हणून रुंद तोंडाचा पेला द्यावा, किंवा नाकासाठी एका बाजूला खाच असलेला कप, ज्यातून मान सरळ ठेवून शेवटपर्यंत पिता येतं. एका कडक प्लॅस्टिकच्या पेल्याला अशी खाच घरीही कापता येते, धार मात्र घासून गुळगुळीत करावी. पेला थोडा थोडा भरत राहिलं तर शेवटच्या घोटापर्यंत जायची वेळच येत नाही. नळीनं प्यावं का, पाणी घट्ट करून द्यावं का, हनुवटी खाली घेऊन गिळावं का, हे गिळण्याचा तज्ज्ञ पाहून ठरवतो. एकाला चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही.

ठसका लागणाऱ्या माणसाला चुरमुरे, चिवडा आणि लोणावळ्याची चिक्की देऊ नये. कोरडे कण घशात पसरतात, आणि चिक्कीचा चावलेला तुकडा दाताला चिकटून नको त्या वेळी सुटतो. पाहुणे येताना चिक्कीचा डबाच आणतात, तेव्हा शेंगदाण्याच्या मऊ लाडवाचा घास दुधात भिजवून देता येतो, गोळीच्या वेळेपासून तासभर दूर.